मूल एक, पाहणारे अनेक

वसई-विरार भागात शिक्षकांची आणि आरोग्य कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणं घेताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली, ती आधीच सांगते. इथल्या शिक्षकांना, सिस्टरना, आशाताईंना मुलं कळत नाहीत असं अजिबात नाही. कळतात, आणि पुष्कळदा आमच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांपेक्षा बारकाईनं कळतात. पण प्रत्येकीला मुलाची एकच बाजू दिसते. बाईंना वर्गातला मुलगा दिसतो. आशाताईंना त्याचं घर दिसतं. तपासणीला आलेल्या डॉक्टरांना त्याचं वजन, दात आणि डोळे दिसतात. आईला तो बहुतेक वेळा झोपलेलाच दिसतो, कारण ती पहाटेची लोकल पकडते आणि रात्री उशिरा घरी येते. या सगळ्या बाजू एकमेकींना भेटतील अशी जागा कुठेच नसते. मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण द्यायचं म्हणजे आधी ती जागा तयार करायची, असं मला वाटतं.

वसई-विरारला एक शहर म्हणतात, पण इथे बालपणं निदान तीन प्रकारची आहेत. रुळांच्या पश्चिमेला केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या, गास, भुईगाव, निर्मळ, आगाशी, अर्नाळा अशी जुनी गावं. तिथे सामवेदी, वाडवळ, आगरी, कोळी, ईस्ट इंडियन घरं, आणि बऱ्याच घरांत आजी-आजोबा अजून सोबत. पूर्वेला नालासोपाऱ्याच्या दाट चाळी, पेल्हार, धानीव, वालीव, सातिवलीच्या कारखान्यांभोवतीच्या वस्त्या. घरात भोजपुरी, उर्दू, गुजराती, आणि शाळा मराठी, हिंदी नाहीतर इंग्रजी. महामार्ग ओलांडून आणखी आत गेलं की पारोळ, उसगाव, मेढे, भाताणे या बाजूचे आदिवासी पाडे. महापालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली आणि २०११च्या जनगणनेतच तिच्या हद्दीत १२ लाखांहून जास्त लोक होते. विरार ते चर्चगेट हे अंतर ६० किलोमीटरच्या आसपास आहे. रोज ते दोनदा कापणाऱ्या आई-बापांच्या मुलांचं बालपण त्या वेळापत्रकाभोवती फिरतं. सकाळी डबा भरून कुलूप लावून शाळेत जाणारी आणि संध्याकाळी स्वतः कुलूप उघडून धाकट्या भावंडाला भरवणारी तिसरी-चौथीतली मुलं इथल्या प्रत्येक वर्गात आहेत.

प्रशिक्षणाच्या सुरुवातीला मी फळ्यावर एक तारीख लिहिते: ६ फेब्रुवारी २०१३. या दिवशी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशपातळीवरची सुरुवात पालघरमधून झाली. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. समोर बसलेल्या बहुतेकांना हे नवं असतं. 'आरबीएसकेची टीम' त्यांच्या रोजच्या बोलण्यात असते, पण ती गोष्ट आपल्या जिल्ह्यात सुरू झाली हे ऐकल्यावर माणसं जरा सरळ होऊन बसतात. मग मी त्या कार्यक्रमातल्या ३० आजार-अवस्थांच्या यादीकडे वळते. हृदयाचे दोष, रक्तक्षय, दात, त्वचा हे त्यात आहेच. त्याच यादीत भाषेचा विकास उशिरा होणं आहे, स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, लक्ष टिकत नसलेली अतिचंचल मुलं आहेत. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी या सगळ्याची तपासणी कागदावर इतकी वर्षं आहे.

प्रत्यक्षात काय होतं? टीममध्ये दोन डॉक्टर, एक एएनएम आणि एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा त्यांनी यायचं. शेकडोंचा पट असलेल्या शाळेत एका मुलाच्या वाट्याला काही मिनिटं येतात. त्या मिनिटांत उंची मोजता येते, दात बघता येतात. मुलाचं मन उघडत नाही. यात टीमचा दोष नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवी किमान २२० दिवस चालायला हवी. एक दिवस पाहणाऱ्या डॉक्टरांना दोनशे दिवस पाहणाऱ्या बाईंनी काही सांगितलंच नाही, तर ती तपासणी अर्धीच राहते. म्हणून प्रशिक्षणातून आम्ही सगळ्यात आधी एक साधी सवय लावायला बघतो: टीम यायच्या आठवडाभर आधी प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्याला काळजी वाटणाऱ्या मुलांबद्दल चार-चार ओळी लिहून ठेवायच्या.

त्या चार ओळी लिहायला शिकवणं हे मात्र सोपं नाही. पहिल्या सत्रात मी कुठल्याच विकाराचं नाव घेत नाही. सगळ्यांना कोरा कागद देते आणि सांगते, गेला महिनाभर तुमच्या मनात सारखं येणारं एक मूल आठवा, नाव लिहू नका, त्याच्याबद्दल लिहा. पहिल्या फेरीत येतं ते असं: 'आळशी आहे. घरचं लक्ष नाही. मोबाईलने बिघडला आहे. कितीही सांगा, फरक नाही.' मग मी विचारते, आळशी आहे हे तुम्हाला कशावरून कळलं? तुम्ही नेमकं काय पाहिलंत? दुसऱ्या फेरीत कागद बदलतात.

नालासोपारा पूर्वेच्या एका शाळेतल्या सरांनी दुसऱ्यांदा लिहिलेलं मला चांगलं आठवतं. (इथल्या मुलांचे तपशील ओळख पटू नये इतके बदललेले आहेत.) 'दुसऱ्या तासाला बाकावर डोकं ठेवतो. रोज नाही, एक दिवसाआड. खिचडी दोनदा मागतो. नाव घेतलं की दचकतो. खेळाच्या तासाला बरा असतो.' सरांनी हे वाचून दाखवलं आणि मागे बसलेल्या एका आशाताई म्हणाल्या, "सर, आमच्या गल्लीत पाणी दिवसाआड येतं, तेही रात्री एक वाजता. पाण्याच्या रात्री घराघरात मुलंच उठतात. आया दमून झोपलेल्या असतात, आणि पिंप भरलं नाही तर दोन दिवस हाल." सर बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: वर्गात असे अजून किती असतील? त्या मुलाला कुठलाही विकार नव्हता. त्याला झोप हवी होती. सरांनी पुढे पाण्याच्या दुसऱ्या दिवशी पहिले दोन तास गणिताऐवजी हाताने करायच्या कामाचे ठेवले आणि पालकसभेत पाण्याचा विषय काढला.

प्रशिक्षणाला शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी एकाच खोलीत बसावेत, हा आग्रह मी धरते तो अशा अनुभवांमुळे. कार्यालयीन सोय वेगळं बसवण्यात असते. विभाग वेगळे, आदेश वेगळे, हजेरीपट वेगळे. पण शिक्षकांना वेगळं बसवलं की ते आरोग्य विभागाबद्दल बोलतात आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना वेगळं बसवलं की ते शाळांबद्दल बोलतात. एकत्र बसवलं की मुलाबद्दल बोलायला लागतात.

आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बाजूने येणारं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे पोटदुखी. अगदी शब्दशः. एका सिस्टरनी सांगितलं, "नववीतली मुलगी आहे. महिन्यातून दोन-तीनदा येते. पोटात दुखतं, डोकं दुखतं. केसपेपर काढतो, गोळी देतो, जाते. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही." हे ऐकल्यावर खोलीतल्या निम्म्या सिस्टर मान हलवतात, प्रत्येकीकडे अशी एक मुलगी असते. मुलांचा ताण, भीती, उदासी ही शरीरातून बोलते हे त्यांना ठाऊक असतं. पुढे काय विचारायचं, ते कुणी त्यांना शिकवलेलं नसतं. मग आम्ही प्रश्नच घेऊन बसतो. कधीपासून दुखतं? शाळेच्या दिवशी की रविवारीही? झोप कशी आहे? जेवण? कुणाशी बोलणं बंद झालंय का? शाळेच्या वाटेवर, क्लासला, घरात कुणाची भीती वाटते का? हे सगळं आईसमोर विचारायचं की एकटीला? रांग लागलेली असताना एकटीला बसवायचं कुठे? हा शेवटचा प्रश्न त्या पुन्हापुन्हा विचारतात आणि तो खराच आहे. एका केंद्रात लसीकरणाची खोली दुपारनंतर रिकामी असते, असं लक्षात आलं आणि तीच मुलांशी बोलायची खोली झाली. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाला. त्याअंतर्गत आपल्याकडे 'मैत्री क्लिनिक' आहेत. पण क्लिनिक सकाळी ओपीडीच्या वेळेत भरलं आणि मुलं त्याच वेळी शाळेत असली, तर मैत्री व्हायची कशी? वेळ बदलणं हाही उपचाराचाच भाग आहे, हे प्रशिक्षणात ठळकपणे सांगावं लागतं.

सगळ्यात कठीण सत्र आत्महत्येच्या विचारांबद्दलचं. दोघींच्या जोड्या करून एकीने मुलगी व्हायचं आणि दुसरीने विचारायचं, "कधी कधी जगणं नको वाटतं का? मरून जावं असं मनात येतं का?" हे वाक्य तोंडातून निघताना वर्षानुवर्षं बाळंतपणं केलेल्या अनुभवी सिस्टरांचाही आवाज अडखळतो. शिक्षक म्हणतात, "मॅडम, विचारलं तर उलट तिच्या डोक्यात भरेल." ही भीती प्रामाणिक आहे, पण ती खरी नाही. जगभरच्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलं आहे की सरळ, शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही. मूल एकटं वाहत असलेलं ओझं खाली ठेवू शकतं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२च्या अहवालात देशात १३ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे. हे आकडे माहीत असताना आपण तो प्रश्न टाळू शकत नाही.

विचारल्यावर 'हो' उत्तर आलं तर? याचा सराव आम्ही पायरीपायरीने करतो. घाबरायचं नाही, उपदेश करायचा नाही, 'आईबापाचा विचार कर' असं म्हणायचं नाही. ऐकायचं. मुलीला एकटं सोडायचं नाही. हे गुपित ठेवता येणार नाही, पण पुढचं प्रत्येक पाऊल तुला सांगून टाकीन, असं तिला सांगायचं. तिचा विश्वास असलेलं घरातलं मोठं माणूस बोलवायचं. घरातल्या इजा होऊ शकतील अशा गोष्टी तिच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवायला सांगायचं. त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेली टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते. तो क्रमांक प्रत्येकाने स्वतःच्या मोबाईलमध्ये साठवायचा, आणि मी सगळ्यांकडून तो तिथेच साठवून घेते. 'पोलीस केस होईल' ही धास्तीही मोडावी लागते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही. तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य ठरतं.

मात्र एका बाबतीत कायदा उलट दिशेने कडक आहे, आणि तेही तितकंच स्पष्ट सांगावं लागतं. मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणं बंधनकारक आहे. शाळेची बदनामी, वस्तीतली भांडणं, घरच्यांची विनवणी यांतलं काहीही न कळवण्याचं कारण होऊ शकत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. हे कलम वाचताना काही शिक्षक अस्वस्थ होतात. 'मग शिस्त कशी लावायची?' हा त्यांचा प्रश्न मी झटकून टाकत नाही. साठ मुलांच्या वर्गात उभं राहणाऱ्या माणसाला पर्याय द्यावे लागतात, नुसती बंदी पुरत नाही. म्हणून एक पूर्ण सत्र आम्ही वर्ग सांभाळण्याच्या प्रत्यक्ष युक्त्यांवर ठेवतो: नियम कमी आणि मुलांसोबत ठरवलेले, चूक झाल्यावर चारचौघांत बोलण्याऐवजी मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन बोलणं, सतत हलणाऱ्या मुलाला डस्टर-खडू आणायचं काम देणं. अशा छोट्या गोष्टींनी वर्ग शांत होतो, हे शिक्षक स्वतःच पुढच्या भेटीत सांगतात.

आता संदर्भसेवेबद्दल. 'रेफर करा' हे म्हणणं सोपं आहे. विरारच्या आईला ते ऐकू येतं ते असं: 'माझ्या मुलाला ठाण्याला नेणार का?' ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे आणि त्या नावाची धास्ती आपल्या कित्येक पिढ्यांच्या मनात आहे. पण त्याच ठाण्यात १९९०मध्ये सुरू झालेल्या आयपीएच संस्थेने मन या विषयावरचं मोकळं बोलणं मराठी घरांत आणि शाळांत नेलं, हेही मी आवर्जून सांगते. मुंबईत तर भारतातलं पहिलं बाल मार्गदर्शन केंद्र १९३७ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केलं होतं, आणि २००१पासून 'उम्मीद' ही संस्था विकासात अडथळे असलेल्या मुलांबरोबर काम करताना इतरांनाही ते काम शिकवते आहे. म्हणजे तज्ज्ञता लोकलच्या एका टोकाला पुष्कळ आहे. दुसऱ्या टोकाला ती पोचत नाही.

याचा सगळ्यात जास्त फटका अध्ययन अक्षम मुलांना बसतो. १९९६ साली महाराष्ट्रात या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या आणि अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ने या अक्षमतेला स्पष्ट मान्यता दिली. पण प्रमाणपत्रासाठी मुंबईच्या सायनसारख्या मोठ्या रुग्णालयात जावं लागतं, एकापेक्षा जास्त चाचण्या असतात, आणि प्रत्येक चाचणी म्हणजे आईचा किंवा बापाचा एक दिवसाचा पगार. त्यामुळे घरं टाळत राहतात आणि दहावीच्या वर्षी धावाधाव करतात. आठवीतली एक मुलगी तोंडी परीक्षेत वर्गात पहिली यायची आणि लेखी परीक्षेत नापास व्हायची. सहा वर्षं तिला 'लिहायचा कंटाळा' असा शेरा मिळाला होता. प्रशिक्षणाहून परत गेलेल्या तिच्या बाईंनी तिच्या चार वर्षांच्या वह्या घरून मागवल्या, त्याच त्या चुका लाल पेनाने खूण करून एकत्र लावल्या आणि त्या आरबीएसकेच्या डॉक्टरांसमोर ठेवल्या. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली ती या वह्यांच्या आधारावर. नववी संपायच्या आत मुलीचं प्रमाणपत्र हातात आलं. बाईंनी निदान केलं नव्हतं, तसं त्यांनी करायचंही नसतं. पुरावा जमवून योग्य हातात देण्याचं काम त्यांनी केलं, आणि ते काम दुसरं कुणी करू शकलं नसतं.

अशा अनुभवांतून आम्ही एक पानाचा कागद तयार केला आहे. वरच्या अर्ध्या भागात शाळा लिहिते: काय दिसलं, कधीपासून, अलीकडे काय बदललं, मूल स्वतः काय म्हणतं, आम्ही काय करून पाहिलं. खालच्या अर्ध्या भागात आरोग्य केंद्र किंवा डॉक्टर लिहितात: आम्ही काय तपासलं, पुढे कधी बोलावलं, शाळेने वर्गात काय करावं. पालकांना वाचून दाखवून, त्यांच्या संमतीनेच तो कागद जातो. आधी शाळेकडून 'लक्ष देत नाही' एवढी चिठ्ठी जायची आणि 'मुलगा नॉर्मल आहे' असं उत्तर परत यायचं. मधल्या मध्ये मूल तिथेच राहायचं. खालचा अर्धा भाग भरून परत येऊ लागल्यावर शिक्षकांचा या व्यवस्थेवर विश्वास बसायला लागला. आपण लिहिलेलं कुणीतरी वाचतं, हे कळलं की माणूस पुढचं अधिक नीट लिहितो.

हे सगळं शिक्षकांवरच टाकायचं का, हा प्रश्न इथे यायलाच हवा. गोव्याच्या 'संगथ' संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांत एक मोठा अभ्यास केला. तो २०१८मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. काही शाळांत त्यांनी खास या कामासाठी प्रशिक्षित कार्यकर्ते नेमले, काही शाळांत तेच काम शिक्षकांना शिकवून दिलं. कार्यकर्ते असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांमधली उदासी आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत म्हणावा असा फरक पडला नाही. हा निष्कर्ष शिक्षकांना कमी लेखणारा नाही. वर्ग, परीक्षा, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम यांच्या वर आणखी एक जबाबदारी ठेवली की काय होतं, ते त्यात दिसतं. आशाताईंचंही तेच. म्हणून आमच्या प्रशिक्षणात समुपदेशन कसं करावं याचे धडे नसतात. लक्ष कसं ठेवावं, कसं बोलावं, कुणाकडे न्यावं आणि आपल्या वर्गात काय बदलावं, एवढंच असतं. समुपदेशक हा वेगळा, पगारी, प्रशिक्षित माणूस शाळेत हवाच. शिक्षक त्याचा पर्याय होऊ शकत नाही.

शेवटच्या सत्रात आम्ही प्रशिक्षणार्थींच्याच मनाबद्दल बोलतो. त्या तासाला लोक सगळ्यात मोकळे होतात. बदलीच्या यादीत नाव असलेल्या बाई, स्वतःची दहावीतली मुलगी घरी रडत असताना इथे आलेले सर, करोनाच्या काळात घरोघर फिरलेल्या आणि त्या दिवसांबद्दल कधीच कुणाशी न बोललेल्या आशाताई. ज्यांनी मुलांचं ऐकायचं त्यांचं कुणीतरी आधी ऐकायला हवं.

मुलांना जवळून पाहायला शिकवणाऱ्यांची या जिल्ह्यात जुनी परंपरा आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या आणि १९५७मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या शाळा मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. गावातल्या, पाड्यातल्या साध्या बायका तिथे बालशिक्षणाच्या कामासाठी तयार होत. पुढे इथल्याच विधायक संसदेने वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. जव्हार-मोखाड्याहून दिवाळीनंतर भट्ट्यांवर येणारी मुलं आजही आहेत. सहा महिने एका शाळेच्या पटावर, सहा महिने कुठेच नाहीत. त्यांची घाबरगुंडी, त्यांची गप्प राहण्याची सवय कुणाच्याच कागदावर येत नाही. पाड्यावरच्या अंगणवाडी सेविका आणि भट्टीजवळच्या शाळेतले शिक्षक एकमेकांना फोन करू लागले, तर ती येईल. ताराबाई-अनुताईंनी दाखवलेली वाट हीच आहे: मूल आपल्यापर्यंत पोचत नसेल तर आपण पोचायचं.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. त्यात महाराष्ट्र नव्हता. १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचं त्यात आढळलं. आपल्याकडेही प्रमाण तेवढंच धरलं तर चाळीसांच्या वर्गात साधारण तीन मुलं. ती तीन मुलं वर्गात आत्ता बसलेली आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शैक्षणिक संस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक नेमावा आणि सर्व शिक्षक-शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून निदान दोनदा मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण द्यावं, असं त्यांत म्हटलं आहे. समुपदेशकांच्या जागांसाठी भांडावं लागेल, पैसा उभा करावा लागेल, त्याला वेळ लागेल. वर्षातल्या दोन प्रशिक्षणांचं तसं नाही. ती दोन्ही शाळा आणि आरोग्य केंद्र यांनी एकत्र बसून घ्यावीत, दोन्हींच्या मध्ये दर महिन्याला तासभर त्यांची बैठक व्हावी, आणि तिथे विषय फक्त मुलांचा असावा: कोण मागे पडतंय, कोण अचानक गप्प झालंय, कुणाचा खालचा अर्धा कागद अजून परत आलेला नाही. मी ज्या शाळांत हे घडताना पाहिलं तिथे फरक बैठकीमुळे पडला. पहिलं प्रशिक्षण त्या बैठकीपर्यंत नेणारी पायरी होती. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. शिक्षण विभाग आणि आरोग्य विभाग यांनी एका वेळापत्रकावर मिळून सही करायची आहे. वसई तालुक्यातल्या शाळा जूनमध्ये उघडतात तेव्हा ते वेळापत्रक प्रत्येक मुख्याध्यापकांच्या आणि प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या टेबलावर असावं, एवढं मागणं मी या लेखातून करते आहे.